लेहला निघताय? ‘मी रोज येऊरची टेकडी चढतो’ एवढ्यावर जाऊ नका

ठाण्यातले बरेच जण म्हणतात, ‘रोज येऊर चढतो, मला काय होणार?’ हा समज आधी सोडा. ठाणं जवळपास समुद्रसपाटीला, लेह साधारण 3,500 मीटरवर. विरळ हवेचा त्रास धडधाकट तरुणालाही होतो. माझा भाचा उतरल्या उतरल्या दोन बॅगा घेऊन तीन जिने चढला आणि रात्रभर डोकं धरून बसला. पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा: चाल सावकाश, दारू अजिबात नको. ‘खारदुंग ला’ ही आणखी उंचावरची खिंड नंतर. डोकं ठणकतंय, मळमळतंय, तर आणखी वर जाऊच नका. वाढलं तर लगेच दवाखाना गाठा. गोळ्यांचं इथल्याच डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो हो!