प्रोसेसरचं टोपण काढताय? या चुका टाळा

टोपण निघतं तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज येतो, हरभऱ्याचा घाटा फोडल्यासारखा. लोक त्या आवाजाला भलतेच घाबरतात आणि तो आला की हुश्श करतात. माझ्या इंटेल आय७-७७००के प्रोसेसरच्या वेळी मीही हुश्श केलं, चहा घेतला आणि पुढच्या तासाभरात तीन चुका केल्या. टोपण काढताना एकही झाली नव्हती. ज्यांचे बिघडलेले प्रोसेसर माझ्याकडे आले, त्यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच. टोपण काढण्याआधी विचार केलेला नसतो आणि काढल्यावर धीर उरलेला नसतो.

नव्या मंडळींसाठी दोन ओळी. ज्यावर मॉडेलचं नाव कोरलेलं असतं तो चकचकीत चौकोन म्हणजे प्रोसेसर नव्हे. ते निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं टोपण, म्हणजे हीट स्प्रेडर. खरा प्रोसेसर त्याच्या खाली असतो, सिलिकॉनचा एक छोटा तुकडा. त्याला डाय म्हणतात. ७७००केची डाय साधारण सव्वाशे चौरस मिलिमीटरची, म्हणजे नखाएवढी, आणि त्यातून ९० वॅट उष्णता बाहेर पडते. तुमच्या घरच्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी तुलना करा. तेवढ्याच जागेतून इथे दहापटीहून जास्त उष्णता जाते. डाय आणि टोपण यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा थर वहीच्या कागदाएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटर, जाड असेल, तर त्या एका थरापायीच १४-१५ अंश वाढतात. त्या जागी लिक्विड मेटलचा, म्हणजे द्रवरूप धातूचा, पातळ थर दिला की तोच फरक एका अंशाच्याही खाली येतो. सगळा खटाटोप या कागदाएवढ्या थरासाठी आहे.

टोपणाखाली काय आहे हे न बघताच हात घालणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपर्यंत इंटेलच्या वरच्या प्रोसेसरांत टोपण डायला सोल्डरने जोडलेलं असायचं. २०१२ मध्ये आयव्ही ब्रिज आला, सोल्डरच्या जागी पेस्ट आली आणि डीलिड करायची, म्हणजे टोपण काढायची, साथ पसरली. ३७७०के, ४७७०के, ६७००के, ७७००के, ८७००के हे सगळे पेस्टवाले. २०१८ मध्ये ९९००केबरोबर सोल्डर परत आलं. एएमडीचे रायझन सुरुवातीपासून सोल्डरचे, पण २२००जी आणि २४००जीसारख्या काही चिपांत पेस्ट होती. तेव्हा आपलं नेमकं मॉडेल शोधा. 'इंटेल आहे' एवढ्या माहितीवर हत्यार उचलू नका.

पेस्टवाल्याचं टोपण फक्त कडेच्या काळ्या गोंदाने धरलेलं असतं. डीलिड टूलमध्ये ठेवून स्क्रू फिरवला की ते बाजूला सरकतं. सोल्डरवाल्यात मध्ये इंडियम धातू असतो आणि तो १५६ अंशांच्या पुढे वितळतो. तिथे टोपण सरळ वर उचकटलंत तर डायचा तुकडा टोपणालाच चिकटून येतो. मग प्रोसेसरची किल्ल्यांची रिंग करा. रायझन ७०००चं टोपण आठ पायांचं, आणि पायांच्या मधल्या खाचांत बारीक कपॅसिटर उघडेच बसलेले. तिथे ब्लेड घातलं की एखादा हमखास उडतो. त्यासाठी खास टूल मिळतं. त्यात टोपण थोडं इकडे, थोडं तिकडे असं पुनःपुन्हा हलवत राहायचं, इंडियम थकतो आणि सुटतो. वाकवून वाकवून तार तोडतो ना, अगदी तसं.

ब्लेडने गोंद कापायची जुनी पद्धत मी कुणालाच सुचवत नाही. स्कायलेकपासून, म्हणजे ६७००केच्या पिढीपासून, इंटेलने डाय ज्यावर बसते ती खालची हिरवी पट्टी पातळ केली. ब्लेड अर्धा मिलिमीटर खाली गेलं तरी आतली तांब्याची रेघ कापली जाते, आणि ती पुन्हा जोडता येत नाही. व्हाइसमध्ये पकडून लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारायची पद्धतही एकेकाळी जोरात होती. जर्मनीच्या रोमन हार्टुंग, म्हणजे 'डेर बाउअर' या ओव्हरक्लॉकरने (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्याने) साधं टूल बाजारात आणलं आणि तो प्रकार मागे पडला. टूलमध्येही प्रोसेसर चुकून उलट्या दिशेने ठेवला जाऊ शकतो बरं का. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण टूलवरच्या खुणेशी जुळवा. हॅसवेलमध्ये, म्हणजे ४७७०केच्या पिढीत, डायच्या शेजारीच बारीक भाग बसवलेले आहेत. टोपण चुकीच्या बाजूला ढकललं तर ते खरवडून निघतात.

दुखणं एक, ऑपरेशन दुसरंच

निम्म्या लोकांना टोपण काढायची गरजच नसते. मे महिन्यात नागपूरहून फोन येतो, 'दादा, ९५ जातंय, डीलिड करू का?' खोलीतच ४० अंश असतील तर प्रोसेसर त्याच्या वरूनच मोजायला लागणार. डीलिडने खोलीच्या वरची चढण कमी होते, खोली थंड होत नाही.

शिवाय ९५ हा आकडा प्रत्येक वेळी आजार नसतो. रायझन ७९५०एक्सला कूलिंग पुरेसं असलं तरी तो पूर्ण भारावर ९५ पर्यंत चढतो, कारण त्याला तसंच बनवलंय. तो २३० वॅटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कमी वॅट ओढणारा इको मोड लावून बघा. फुकटात बरेच अंश उतरतात आणि वेगातली घट मोठी कामं सोडली तर जाणवतही नाही. इंटेलच्या १३९००केची मर्यादा २५३ वॅट आहे, पण बरेच मदरबोर्ड ती मूळ सेटिंगमध्येच उठवून ठेवतात. आधी ती परत लावा.

मग कूलर काढून बघा. हसू नका, पण तळाची 'काढून टाका' असं छापलेली प्लॅस्टिकची फिल्म तशीच ठेवून दोन वर्षं वापरलेला पीसी मी स्वतः उघडलाय. वॉटर कूलर असेल तर पंपाला हात लावा, त्याची थरथर जाणवली पाहिजे. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक), म्हणजे बाराव्या पिढीपासून, सॉकेटची पकडच प्रोसेसरला मध्ये किंचित वाकवते आणि कूलर नीट टेकत नाही. त्यावर कॉन्टॅक्ट फ्रेम, म्हणजे त्या पकडीच्या जागी बसवायची चौकट, हा स्वस्त इलाज आहे. सोल्डरवाल्या प्रोसेसरात टोपण काढून मिळणारा फायदा पेस्टवाल्यापेक्षा बराच कमी असतो, म्हणून तिथे हे सगळं आधी.

आणि मोजल्याशिवाय काहीच करू नका. त्याच खोलीत, त्याच पंख्यांवर, वीस मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) चालवा आणि प्रत्येक कोअरचं तापमान, वॅट आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. 'आधी फार तापायचं' हा काही आकडा नव्हे. खोक्यात मिळणाऱ्या प्रोसेसरला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. टोपण काढलं की ती संपली. ती शिल्लक असेल तर मी तरी थांबेन.

जर्मनची ताटली

आता माझ्या तीन चुका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उजेड चांगला, म्हणून तिथे बसलो होतो. लिक्विड मेटलची सिरिंज ठेवायला समोर दिसली ती जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली घेतली. सिरिंजच्या टोकातून एक थेंब गळला. महागडा माल, म्हणून चमच्याने खरवडून गोळा केला आणि ताटली धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी आईने ती उचलली तर मधोमध राखाडी डाग, आणि बोट लावताच तिथला पत्रा जुन्या पापडासारखा चुरला. 'हे काय लावलंस रे ताटलीला?' याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. लिक्विड मेटल म्हणजे मुख्यतः गॅलियम, त्यात इंडियम आणि कथिल. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. तो खरवडला गेला की गॅलियम आत शिरतं आणि धातूच्या कणांची आपसातली पकड सुटते. ती ताटली अर्थातच टाकून दिली.

म्हणून कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर टोपणाच्या वर लिक्विड मेटल लावायचं नाही. वर साधी चांगली पेस्ट, खाली डायवरच लिक्विड मेटल, हे सरळ धोरण ठेवा. परदेशातून कुणाला सिरिंज आणायला सांगणार असाल तर आधी एअरलाइनला विचारा. गॅलियम विमानवाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात मोडतं, ते याच कारणाने.

दुसरी चूक प्रमाणाची. मला वाटलं, जास्त लावलं तर जास्त गार. लिक्विड मेटलमधून वीज वाहते, हे वाचलेलं असूनही हात थांबला नाही. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. इअरबडने तो डायवर घासत राहायचं. पहिलं अर्धं मिनिट तो पाऱ्यासारखा पळतो, चिकटतच नाही, आणि इथेच लोक दुसरा थेंब टाकतात. दाब न वाढवता घासत राहा, एकदम पकडतो आणि आरशासारखा पसरतो. टोपणाच्या आतल्या बाजूलाही डायएवढ्याच चौकोनात तसाच थर द्या. प्रोसेसर तिरका धरला तर काहीही ओघळता कामा नये. ओघळ दिसला तर रिकाम्या सिरिंजने जास्तीचं ओढून घ्या. डायच्या बाजूला ६७००के-७७००केवर सोनेरी ठिपके असतात. त्यांच्यावर आधी पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. रंगीत नको, पुढे खाली काय झालंय ते दिसत नाही.

गोंद

तिसरी चूक मला सगळ्यात उशिरा कळली. जुना काळा गोंद मी 'बराचसा' काढला होता. आयव्ही ब्रिजच्या काळात खोलात गेलेल्यांना दिसलं होतं की पेस्टच्या दर्जापेक्षाही हा गोंद जास्त घात करतो. तो टोपणाला डायपासून वर उचलून धरतो आणि मधली फट वाढते. मी नवं लिक्विड मेटल लावलं, पण जुन्या गोंदाचे उंचवटे तसेच ठेवले. तापमान उतरलं अवघं पाच अंश. पुन्हा उघडलं, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने आणि नखाने सगळा गोंद काढला, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसलं, आणि तेव्हा कुठे १७ अंश उतरले. हिरव्या भागावर स्टीलचं काही वापरू नका. हे काम अर्धा तास खातं, खाऊ द्या.

परत चिकटवताना चारी बाजूंनी गोंदाची भिंत घालू नका. कोपऱ्यांत चार बारीक ठिपके पुरतात. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन घेणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. इंटेलच्या सॉकेटची पकड खाली दाबताना टोपण एक-दोन मिलिमीटर सरकवते आणि ओला लिक्विड मेटल त्याबरोबर फासला जातो. एका हाताने टोपण धरून ठेवा, दुसऱ्याने लिव्हर दाबा, आणि गोंद चोवीस तास वाळू द्या.

टोपण परत न बसवता कूलर थेट डायवर टेकवायचा असेल, तर सॉकेटची मूळ पकड चालत नाही. ती टोपणालाच धरते. वेगळी फ्रेम लागते, शिवाय कूलर खाली आणावा लागतो, आणि स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळला तर डायचा कोपरा तुटतो. २००१ च्या ॲथलॉन एक्सपींना टोपणच नव्हतं, तेव्हाही असेच कोपरे उडायचे. पहिल्याच खेपेला या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपवाले टोपणाबद्दल विचारतात, त्यांना सांगतो: तुमच्याकडे टोपण नसतंच, तुमची डाय आधीपासून उघडी आहे.

बसवलं, आणि आता हे होतंय

चालू केल्यावर काही सेकंदांत बंद पडतोय: बहुतेक कूलर टेकलेलाच नाही. लगेच थांबवा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. कूलर काढा आणि पेस्टवर ठसा उमटलाय का पाहा.

अजिबात बूट होत नाही, किंवा रॅमची एक पट्टी दिसत नाही: जीव गोळा होतो, पण बहुतेक वेळा प्रोसेसर मेलेला नसतो. खालच्या सोनेरी ठिपक्यांवर बोटाचा तेलकटपणा किंवा गोंदाचा कण असतो, नाहीतर कूलर एका बाजूला जास्त आवळलेला असतो. ठिपके आयपीएने पुसा, सॉकेटच्या पिना टॉर्च तिरका धरून बघा, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. एवढं करूनही काहीच नाही, तर हिरव्या पट्टीची कड भिंगाखाली बघा. तिथे ब्लेडची रेघ दिसली तर विषय संपला.

एकच कोअर बाकीच्यांपेक्षा १२-१५ अंश वर: लिक्विड मेटलमध्ये तिथे कोरडा ठिपका राहिलाय. दोन-चार अंशांचा फरक सगळ्यांकडे असतो, त्यासाठी उघडू नका.

पहिल्या दिवशी छान, पाच-सहा महिन्यांनी सगळेच कोअर हळूहळू वर: मुलामा नसलेल्या उघड्या तांब्यावर लिक्विड मेटल लावलं की असं होतं. थोडं गॅलियम तांब्यात मुरतं आणि वरचा थर कोरडा पडतो. टोपणाचा आतला निकेल कुणी पॉलिश पेपरने घासून काढला असेल तर तिथेही हेच. उघडल्यावर रुपेरी, खरखरीत डाग दिसेल. तो घासून तांबं पुन्हा लाल करायच्या मागे लागू नका, नाहीतर मुरणं परत पहिल्यापासून सुरू होतं. नुसतं पुसून घ्या आणि त्याच डागावर अर्धा थेंब नव्याने पसरवा.