चाळीचं मेझर्ड ड्रॉइंग: मापं कशी घ्यायची

बी.आर्क.ला (आर्किटेक्चरच्या पदवीला) मेझर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभी इमारत मोजून तिचं ड्रॉइंग काढायला, गिरगावातली चाळ निवडलीत, तर आधी रहिवाशांची परवानगी घ्या आणि पाणी भरायची वेळ टाळा. तिघं पुरतात: दोघं टेप धरायला, एक लिहायला. टेप लावण्याआधी अख्ख्या मजल्याचं कच्चं स्केच हवंच.

गॅलरी मोजताना टेपचा शून्य एका टोकाला पक्का धरून सलग आकडे वाचा: 0.90, 1.85, 3.10 मीटर. दार, खांब, खिडकी सुटी मोजून बेरीज केली, की प्रत्येक मापातली थोडीथोडी चूक साठत जाते आणि प्लॅन जुळत नाही.

खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. जुन्या बांधकामात कोपरे बरेचदा काटकोनात नसतात, आणि नुसत्या चार भिंतींच्या लांबीवरून आकार ठरत नाही. एका कर्णाने तो ठरतो, दुसऱ्याने तपासता येतो. हे सर्वांत जास्त राहून जातं!

भिंतीची जाडी दारापाशी मिळते. जिन्याची एक पायरी मोजून गुणू नका, लाकूड झिजलेलं असतं. एकूण उंचीला पायऱ्यांच्या संख्येने भागा.

त्याच संध्याकाळी 1:50 स्केलला (कागदावरचा 1 सेमी म्हणजे प्रत्यक्षातले 50 सेमी) काढायला बसा. सुटलेलं माप दुसऱ्या दिवशी जाऊन घेता येतं.