ऑटिझम असलेल्या लहान मुलाला खुणा शिकवताय? या चुका टाळा

काय हवंय ते हातांनी सांगायच्या खुणा मुलाकडून रोज करून घेतो, पण ते स्वतःहून एकही खूण करत नाही, अशी तक्रार असेल तर आधी मोठ्यांचे हात बघा. ते कधी पुढे येतात, किती वेळ धरून ठेवतात आणि कधी सोडतात, यावर बरंचसं ठरतं. श्रवणचाचणी अजून झाली नसेल तर ती मात्र सगळ्याच्या आधी करून घ्या. हाकेला ओ न देण्याचं कारण ऑटिझमच असेल असं गृहीत धरू नये.

पहिलीच खूण 'आणखी'

यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंत सुरुवात इथूनच होते: दोन्ही हातांच्या बोटांची टोकं एकमेकांना टेकवायची. ही अमेरिकन सांकेतिक भाषेतली खूण. करायला सोपी, आणि घोळ तिथेच होतो. बिस्किटाला तीच, झोक्याला तीच, मोबाइललाही तीच. हे केलं की काहीतरी मिळतं एवढं मूल पटकन ओळखतं; काय हवंय ते आपण ओळखायचं. ओळखता आलं नाही की रडारड.

म्हणून सुरुवात नेमक्या वस्तूंच्या किंवा कृतींच्या दोन-तीन खुणांनी करा, त्याही मुलाच्या आवडीच्या: फुगे, झोका, केळं. 'धन्यवाद' आणि 'नमस्ते' पाहुण्यांना आवडतात, मुलाला त्यातून काही मिळत नाही. खुणा दिसायला आणि करायला एकमेकींपासून लांबच्या असू द्या. 'पाणी' आणि 'खाऊ' दोन्ही तोंडापाशी होतात, त्यामुळे एकत्र सुरू केल्या की सरमिसळ ठरलेली. अंगाला किंवा दुसऱ्या हाताला टेकणाऱ्या खुणा हवेत करायच्या खुणांपेक्षा सोप्या जातात. बोटांची बारीक रचना असलेल्या नंतर घ्या.

'आणखी' आधीच अंगवळणी पडली असेल तर बंद करू नका. मुलाने ती केली की दोन वस्तू समोर धरा, ज्या वस्तूकडे हात जाईल तिची खूण करून दाखवा आणि वस्तू द्या.

खुणा कुठून घ्यायच्या? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पासून १०,००० शब्दांच्या खुणा व्हिडिओसह आहेत. मात्र मूल वाशीच्या ईटीसीत (दिव्यांग मुलांसाठीचं महापालिकेचं केंद्र) किंवा ठाण्यातल्या एखाद्या थेरपिस्टकडे जात असेल आणि तिथे मॅकाटॉन (बोलण्याच्या जोडीने खुणा आणि चित्रचिन्हं वापरायची पद्धत) वापरत असतील, तर घरीही तेच चालवा.

समोर बसून हात धरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. आई समोर बसते, "पाणी कर, पाणी कर" म्हणते, मुलाचे हात धरून खूण करवते आणि पाणी देते. मूल यातून शिकतं ते एवढंच की हात आईच्या हातात द्यायचे. काही दिवसांनी ते स्वतःच हात पुढे करून थांबतं.

उपाय म्हणजे दोन माणसं. एक समोर, वस्तू घेऊन. दुसरं मुलाच्या मागे, तोंडातून चकार शब्द न काढता. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागच्याने तो धरून खूण पूर्ण करवायची; समोरच्याने त्याच क्षणी वस्तूचं नाव एकदाच घेऊन ती द्यायची. उशीर झाला की खूण आणि वस्तू यांचा संबंध तुटतो.

मग मदत हळूहळू हाताच्या वरच्या बाजूला सरकवायची: आधी तळहात, मग मनगट, मग कोपर, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. काही न करता थांबायचं तेव्हा मनात दहा आकडे मोजा. आपल्याला हा वेळ फार लांब वाटतो आणि तिसऱ्या आकड्यालाच हात पुढे जातो. तो मागे ठेवा.

वस्तू थोडी थोडी द्या. एका बिस्किटाचे आठ तुकडे केले की आठ संधी. झोका असेल तर पाच झोके आणि थांबा. पावसाळ्यात बाग बंद पडली की पलंगावर चादरीचा झोका चालतो. एका जागी अर्धा तास बसवण्यापेक्षा दिवसभरात विखुरलेल्या वीस-तीस संधी बऱ्या.

हात धरला की मूल ओढून घेत असेल तर जबरदस्ती नको. काही मुलांना तळहाताला झालेला स्पर्शच सहन होत नाही. कोपरापासून सुरू करा किंवा नुसतं करून दाखवा.

तळवा उलटा पडतो

टाटा करताना तळवा स्वतःकडे? समोरच्या माणसाचा तळवा मुलाला जसा दिसतो तसाच ते करतं. ऑटिझम असलेल्या मुलांत हे आढळतं, याला हट्ट समजू नका. समोर बसणं सोडून शेजारी बसा, दोघांची तोंडं आरशाकडे. कपाटाचा आरसा पुरतो. अर्धवट किंवा वाकडी खूणही रोज सारखीच होत असेल तर ती मान्य करा.

एकामागून एक सगळ्या खुणा

मूल येतील तेवढ्या खुणा भराभर करतं आणि शेवटची लागू पडली की वस्तू मिळते. म्हणजे आपण अख्खी माळच शिकवली. अशा वेळी मुलाचे हात अलगद खाली ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग योग्य खुणेला लगेच मदत करा. नवी खूण तेव्हाच घ्या, जेव्हा जुनी दहापैकी आठ वेळा विनामदत आणि दोन वेगळ्या माणसांसमोर होते. फ्रिजवर कागद लावा, तीन रकाने: पूर्ण मदत, थोडी मदत, स्वतः.

अडवून धरणं

तहानेने रडणाऱ्या मुलाला खुणेसाठी ताटकळत ठेवू नका. पाणी, शू, झोप, दुखणं यांत वस्तू किंवा मदत आधी, खूण आपण करून दाखवायची. ठाणे स्टेशनच्या पुलावर किंवा संध्याकाळी तलावपाळीच्या गर्दीत नवी खूण शिकवायला जाऊ नये, तिथे येणारी खूणही विसरते. 'नको' मात्र लवकर शिकवा आणि शक्य तिथे खरोखर ऐका. चावणं-ढकलणं बऱ्याचदा त्यामुळे उतरतं.

घरात चार पद्धती

आजी 'पाणी' म्हणते, घरकामाच्या मावशी 'पानी', थेरपीत 'वॉटर'. खूण एकच असेल तर अडत नाही, पण ती एकच हवी. घरातल्याच माणसाचा खूण करतानाचा फोटो छापून तो आजी, पाळणाघर आणि बालवाडीच्या बाईंकडे द्या. बाकीच्यांना खूण कळत नसेल तर मूल ती फक्त आईसमोर करेल, यात नवल नाही.

दोन-तीन महिने रोज भरपूर संधी देऊनही मदत कोपरापर्यंतसुद्धा सरकत नसेल तर हाताच्या हालचालींची अडचण असू शकते. स्पीच थेरपिस्टशी बोलून चित्रकार्डं सुरू करा. खुणा आणि चित्रं एकत्रही चालतात.

तोंडातून 'पा' आलं म्हणून खूण थांबवणं

खुणांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे. 'पा' आलं की "आता हात नको, तोंडाने सांग" असं म्हणू नका. दोन्ही चालू द्या. शब्द पक्का झाला की खूण आपोआप गळते, आणि ताप आला किंवा मूल चिडलं की शब्द हरवतात, तेव्हा हीच खूण उपयोगी पडते.