कड्यातली रेघ खरंच दोन कालखंडांची सीमा आहे का, कसं ओळखायचं

उंच कडा, नदीने कापलेली घळ, रस्त्यासाठी फोडलेला डोंगर, कुठेही खडक उघडा पडला की त्यात पट्टे दिसतात आणि दोन पट्ट्यांमध्ये ठळक रेघ दिसली की लगेच वाटतं हीच दोन कालखंडांमधली सीमा. मलाही खूप दिवस असंच वाटायचं. एकदा एका कड्यावरची काळी रेघ मी अर्धा दिवस लांबून वहीत काढली आणि जवळ गेल्यावर कळलं की तो पाणी झिरपून पडलेला डाग आहे, थरांशी त्याचा काहीच संबंध नव्हता. तेव्हापासून कुठलीही रेघ दिसली की मी आधी हाच प्रश्न विचारतो की इथे खालचा थर संपल्यावर वरचा लगेच साचलाय की मधला बराच काळ गायब आहे? हे शोधायची सवय लागली की कडा बघायची पद्धतच बदलते.

सुरुवात लांबूनच करा. घाईने कड्याला जाऊन चिकटू नका, अख्खा कडा नजरेत मावेल एवढं मागे या, फोटो काढा आणि मोबाइलवरच बोटाने त्यावर रेघा मारा. पण आधी त्या ठळक रेघेला हात लावायचा नाही, आधी तिच्या खालचे थर कसे चाललेत ते काढायचं, मग वरचे. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडलेलं साधं तत्त्व इथे उपयोगी पडतं, गाळ साचताना साधारण आडवाच साचतो आणि जो खाली तो आधीचा. म्हणजे थर तिरके किंवा उभे दिसले तर ते नंतर कलंडलेत. आता बघा, खालच्या रेघा वर जाऊन त्या ठळक रेघेवर आपटून थांबतात का? तिरके थर वर कापल्यासारखे संपतायत आणि त्यांच्यावर दुसरे थर वेगळ्याच कोनात आरामात पसरलेत असं दिसलं तर तुम्हाला कोनीय विसंगती (म्हणजे मधला काळ गायब असल्याची, थरांच्या कोनावरून कळणारी सीमा) सापडली, आणि ओळखायला हीच सगळ्यात सोपी.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडच्या समुद्रकाठी आहे, सिकार पॉइंट. १७८८ मध्ये जेम्स हटन हा स्कॉटिश भूवैज्ञानिक दोन सोबत्यांना घेऊन होडीने तिथे गेला होता. खाली सायलुरियन काळातले करडे थर जवळजवळ उभे, आणि त्यांच्या डोक्यावर डेव्होनियन काळातला लाल वाळूचा खडक थोडासा कललेला. आता विचार करा की खालचा गाळ समुद्रात साचला, दगड झाला, घड्या पडून उभा राहिला, पाण्याच्या वर आला, झिजून सपाट झाला, आणि मग त्यावर लाल वाळू आली. या सगळ्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं लागली आणि हा सगळा काळ त्या एका रेघेत आहे. मला भूविज्ञानातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, तिथे खडक नाहीये म्हणूनच तिथे काळ दिसतो.

खालचा खडक गाळाचा नसून अग्निजन्य किंवा रूपांतरित असेल तरी हाच प्रकार. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा विष्णू शिस्ट नावाचा रूपांतरित खडक आहे आणि बऱ्याच ठिकाणी थेट त्यावर कँब्रियन काळातला वाळूचा खडक बसलाय, एका हाताच्या पंज्याने दोन्ही झाकता येतात आणि मधली १०० कोटींहून जास्त वर्षं गायब आहेत.

खरी परीक्षा असते जेव्हा दोन्ही बाजूचे थर एकमेकांना समांतर असतात. त्याच कॅन्यनमध्ये वर कँब्रियन चुनखडीवर रेडवॉल नावाची कार्बोनिफेरस काळातली चुनखडी आडवीच बसलीय, लांबून सलग वाटतं, पण मधले ऑर्डोव्हिशियन आणि सायलुरियन हे दोन अख्खे कालखंड तिथे नाहीतच, आणि डेव्होनियनचा खडक कॅन्यनच्या पूर्व भागात फक्त जुन्या प्रवाहांनी कोरलेल्या खळग्यांमध्ये कुठेकुठे उरलाय. अशी सीमा लांबून कळत नाही, तिथे जवळ जावंच लागतं.

जवळ गेल्यावर रेघेच्या बाजूने चालत राहा, एका जागी उभं राहून निष्कर्ष काढू नका. रेघ वरखाली होते का, खालच्या थरात खळगे पडून ते वरच्या खडकाने भरलेत का ते बघा. रेघेच्या लगेच वर गोटे असलेला थर आहे का बघा आणि असला तर गोटे नीट तपासा, ते खालच्याच खडकाचे असतील तर काम झालंच म्हणून समजा, कारण खालचा खडक आधी दगड झाला, मग फुटला, घासून गोल झाला आणि मग वरच्या थरात अडकला, हे सगळं एका दमात होत नाही. रेघेच्या खाली जुनी माती, मुळांच्या खुणा, किंवा समुद्री शिंपल्यांनी कडक दगडात पोखरलेली भोकं दिसली तरी तोच अर्थ, तो पृष्ठभाग बराच काळ उघडा पडला होता. खालच्या खडकातून येणारी लाव्हाची उभी भिंत रेघेपाशी कापल्यासारखी थांबत असेल तर तोही चांगला पुरावा.

आता फसवणाऱ्या रेघा. फॉल्ट म्हणजे प्रस्तरभंग, तो पण वेगवेगळ्या काळांचे खडक शेजारी आणून ठेवतो, पण तिथे चुरडलेला दगड आणि घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर ओरखडे सापडतात. थरांमध्ये घुसलेला लाव्हा दुसरा फसवा, त्याची ओळख म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही खडक भाजलेले असतात, तर जमिनीवर वाहून आलेल्या लाव्हाने फक्त खालची बाजू भाजलेली असते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, तो दिसतो खूप ठळक पण बहुतेक वेळा दोन उद्रेकांमधली विश्रांती एवढाच त्याचा अर्थ. आणि रंगावर तर अजिबात विसंबू नका, रेडवॉलच घ्या, नाव रेड असलं तरी आतला दगड करडा आहे, वरच्या थरांमधलं लोह पावसाबरोबर ओघळून बाहेरची भिंत लाल झालीय.

इतकं केल्यावर मधे काळ गायब आहे की नाही हे कळतं, पण कुठला काळ ते रेघ सांगत नाही. त्यासाठी तिथला भूवैज्ञानिक नकाशा आणि जीवाश्म लागतात. दहापट मोठं दाखवणारी छोटी लेन्स खिशात ठेवा. ट्रायलोबाइट (कवच असलेला, सांधेदार अंगाचा समुद्री प्राणी) सापडला तर तो थर पर्मियन कालखंडाच्या शेवटापर्यंतचा किंवा त्याआधीचा, अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे समुद्री प्राणी) क्रिटेशस कालखंडाच्या शेवटी संपतात. इटलीत गुब्बियो गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये साधारण सेंटिमीटरभर जाडीची चिकणमाती आहे, तिच्या खालच्या चुनखडीत फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जिवांची कवचं लेन्सने दिसण्याइतकी मोठी आणि वरच्या चुनखडीत एकदम बारीक. त्याच मातीत इरिडियम, म्हणजे पृथ्वीवर दुर्मीळ पण अशनींमध्ये जास्त असलेला धातू, भरपूर सापडलं आणि १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन शास्त्रज्ञ बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनी आदळल्याचा सिद्धांत मांडला. क्रिटेशस संपल्याची ती सीमा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे आणि ती खरंच डोळ्यांना दिसते.

पण सगळ्या सीमा अशा दिसत नाहीत हे मनाशी पक्कं ठेवा. कालखंडाची अधिकृत सीमा जगात एका ठरवलेल्या जागी, एका थरातल्या एका बिंदूवर धरतात आणि तो बिंदू मुद्दाम सलग साचलेल्या गाळात निवडतात, म्हणजे जिथे काळ गायब नाही तिथे. साहजिकच तिथे बहुतेक वेळा ठळक रेघ नसते! पहिला असा बिंदू १९७२ मध्ये चेक भागात क्लोंक इथे ठरला, सायलुरियन आणि डेव्होनियनच्या मधला, तिथे चुनखडी आणि शेलचे (पापुद्र्यांसारख्या चिखलाच्या दगडाचे) थर आलटून पालटून येत राहतात आणि सीमा २० नंबरच्या थरात आहे, ग्रॅप्टोलाइट या नामशेष समुद्री प्राण्यांच्या एका जातीवरून ठरवलेली. चीनमध्ये मेइशानला पर्मियन आणि ट्रायासिकची सीमा तर आणखी शिकवते, तिथे ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर लगेच डोळ्यात भरतो आणि जीवसृष्टीचा मोठा विनाश त्याच सुमाराला झाला, पण सीमा त्याच्या वर वीतभराच्या आत, साध्या करड्या चुनखडीच्या एका थराच्या मधे, कोनोडोंट नावाच्या प्राण्याचे बारीक दातासारखे अवशेष पहिल्यांदा सापडतात तिथे. म्हणून वहीत लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या लिहा, डोळ्यांना काय दिसलं आणि सीमा कशावरून ठरवली.

फोटोत मापासाठी पेन किंवा नाणं ठेवा, थरांचा कल आणि दिशा मोजा (फोनचं कंपास चालतं, पण लोखंडी हातोडीपासून लांब धरा), आणि जिथे रेघ अस्पष्ट आहे तिथे चित्रात तुटक रेघच काढा, उगाच जोडू नका.

आणि कड्याच्या बरोबर खाली जास्त वेळ थांबू नका. सीमेवर बऱ्याचदा वरचा खडक कडक आणि खालचा मऊ असतो, खालचा आधी झिजतो आणि वरचा छज्जासारखा लोंबत राहतो. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटला नेमकं हेच आहे, मऊ पांढऱ्या खडूवर कडक चुनखडी आणि मधे क्रिटेशस संपल्याची मातीची पातळ रेघ, ती बघायला माणूस अगदी छज्जाखालीच जातो. १९२८ मध्ये तिथलं कड्यावरचं एक जुनं चर्च अर्धवट समुद्रात कोसळलं. पावसानंतर जाऊ नका, भरतीच्या वेळा आधी बघा, हेल्मेट घाला आणि अशा जागी हातोडी बॅगेतच राहू द्या, ती रेघ काही सेंटिमीटरच जाड आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाने तुकडा उचलला तर मागून येणाऱ्याला बघायला काही उरणार नाही.