प्रोटोकॉलचे मॉडेल लिहिण्यापूर्वीची तयारी

वेगवेगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या सहभागींमधील संवादाच्या नियमांचे, म्हणजे प्रोटोकॉलचे, औपचारिक मॉडेल (संगणकाने तपासता येईल असे काटेकोर वर्णन) लिहायचे असेल, तर भूमिकांची नावे आणि संदेशांचे प्रकार आधी लिहून काढावेत. हे सगळेच करतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. त्यापुढची नोंद मात्र स्वतंत्र पानावर करावी: संदेश ज्या चॅनेलमधून जातात, ते चॅनेल कसे वागते? मागच्या खेपेस माझ्या मॉडेलमध्ये हीच नोंद राहून गेली होती. तपासणीत एकही दोष निघाला नाही, आणि प्रत्यक्षात दोन पोचपावत्या उलट क्रमाने आल्याबरोबर सहभागींच्या नोंदी एकमेकांशी जुळेनाशा झाल्या.

म्हणून चॅनेलविषयी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लेखी हवे. संदेश गहाळ होऊ शकतो का, दुबार येऊ शकतो का, मागचा पुढे जाऊ शकतो का, आणि एका वेळी किती संदेश वाटेत असू शकतात? ‘आम्ही टीसीपी वापरतो’ हे उत्तर पुरेसे नाही. टीसीपी हा इंटरनेटवर माहिती पोहोचवणारा नेहमीचा प्रोटोकॉल एका जोडणीपुरताच क्रम राखतो. जोडणी तुटली की पाठवलेल्यांपैकी काय पोहोचले हे पाठवणाऱ्याला कळत नाही, तो नव्या जोडणीवर तेच पुन्हा पाठवतो, आणि दुबार संदेशाचा प्रश्न परत उभा राहतो.

क्रमाचे महत्त्व पटत नसेल, तर बार्टलेट, स्कँटलबरी आणि विल्किन्सन यांनी १९६९ साली मांडलेला आलटत्या बिटचा प्रोटोकॉल हाताने चालवून पाहावा. त्यात लागोपाठच्या संदेशांवर ० आणि १ हे बिट आलटून पालटून लावतात आणि पोचपावती त्याच बिटची येते. संदेश गहाळ किंवा दुबार झाले तरी तो टिकतो, पण चॅनेलने क्रम मोडला की टिकत नाही. पहिला संदेश पोच उशिरा आल्यामुळे दोनदा गेला आणि त्याच्या ० बिटच्या दोन पावत्यांपैकी एक वाटेत अडकली असे समजू. दुसरा संदेश १ बिटवर नीट पार पडतो. तिसरा पुन्हा ० बिटवर निघतो आणि गहाळ होतो. तेवढ्यात ती अडकलेली जुनी पावती येते, आणि पाठवणारा तिसरा संदेश पोहोचला असे मानून पुढे जातो. प्रोटोकॉलचे एक अक्षरही न बदलता, केवळ चॅनेल बदलल्याने तो चुकीचा ठरला.

याहून मोठा धोका असा की, चॅनेल आपण ठरवले नाही तर निवडलेली भाषा ते आपल्या वतीने गुपचूप ठरवते. होअर यांच्या सीएसपी या प्रक्रियांचे वर्णन करणाऱ्या भाषेत पाठवणे आणि घेणे एकाच क्षणी घडते, तेव्हा वाटेतला विलंब हवा असल्यास चॅनेल ही वेगळी प्रक्रिया म्हणूनच लिहावी लागते. स्पिन या मॉडेल तपासणाऱ्या साधनाच्या प्रोमेला भाषेत रांगेची क्षमता आपण देतो, पण रांग क्रम राखते आणि भरली की पाठवणारा थांबतो. गहाळ होणे मुद्दाम लिहावे लागते. होंडा, योशिदा आणि कार्बोने यांच्या २००८ सालच्या बहुपक्षीय सेशन टाइप्समध्ये (कोण कोणाला कोणत्या क्रमाने काय पाठवतो हे सांगणाऱ्या टाइप्समध्ये) संपूर्ण संवाद एकदाच वर्णून त्यातून प्रत्येक भूमिकेचा भाग काढता येतो आणि एका सेशनपुरती डेडलॉक (सगळेच एकमेकांची वाट पाहत अडकणे) नसण्याची हमी मिळते. मात्र ही हमी संदेश हरवत नाहीत आणि पाठवलेल्या क्रमानेच पोहोचतात या गृहीतकावर उभी आहे. टीएलए प्लस या वर्णनभाषेत पाठवलेले संदेश एका संचात ठेवून कधीच न काढण्याची पद्धत रूढ आहे, आणि तिच्यात विलंब, क्रमभंग व दुबार येणे हे सारे आपोआप येते. भाषा कोणतीही घ्या, चॅनेलचे पान आधी भरा आणि मगच भाषा निवडा.

रांगेची मर्यादाही त्याच पानावर लिहावी. अमर्याद रांगांनी जोडलेली दोन मर्यादित स्थितियंत्रे (मोजक्याच स्थितींमधून फिरणारी यंत्रे) अडकतील की नाही, हे सर्वसाधारणपणे ठरवणारी कृती असू शकत नाही, हे ब्रँड आणि झाफिरोपुलो यांच्या १९८३ सालच्या कामापासून माहीत आहे. मर्यादा घालावीच लागते. ती दोनवरून तीनवर नेल्यावर निकाल बदलतो का, हेही पाहावे.

वाटा फुटतात तेथे निवड कोण करते आणि इतरांना ती कोणत्या संदेशाने कळते, हे लिहावे. द्विचरण कमिटमध्ये समन्वयक आधी सर्वांची मते घेतो आणि मग निर्णय कळवतो; त्यात ‘हो’ असे मत दिलेला सहभागी समन्वयक गप्प झाल्यावर स्वतःहून काहीही ठरवू शकत नाही. ही वाट पाहण्याची स्थिती मॉडेलमध्ये दिसलीच पाहिजे. कोसळून पुन्हा उभ्या राहिलेल्या सहभागीला काय आठवते, तेही लिहावे.

गुणधर्म, म्हणजे प्रोटोकॉलने काय पाळायला हवे ते, मॉडेलच्या आधी लिहावेत. ‘शेवटी निर्णय होतोच’ असे लिहिताना फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ सालचा निष्कर्ष ध्यानात ठेवावा: वेळेविषयी काहीच गृहीत नसेल आणि एकच सहभागी कोसळू शकत असेल, तरी निश्चित पद्धतीने (यादृच्छिक निवडीशिवाय) चालणारा कोणताही प्रोटोकॉल एकमताची खात्री देऊ शकत नाही.

सहभागी तीन पुरेत. यशाची स्थिती गाठता येते का, ते तपासावे. एक नियम मुद्दाम मोडून तपासणी तो पकडते का, ते पाहावे. दोष निघाला नाही, तर निकाल कोणाला कळवण्याआधी चॅनेलचे पान पुन्हा उघडावे आणि मॉडेलमधील चॅनेल त्या पानाशी ओळीगणिक ताडून पाहावे.