वेळापत्रक पेन्सिलीनं लिहा

मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि 2025 च्या जूनमध्ये पहिलीला नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. परळची आमची अनुदानित मराठी शाळा, सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणारी. आता ज्यांच्या गळ्यात मुख्याध्यापकपदाची माळ पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिली चूक माझीच. सभा बोलावली आणि प्रशिक्षणातल्या स्लाइड वाचून दाखवल्या. 5+3+3+4 ही शालेय वर्षांची नवी विभागणी, त्यातला पहिला पाच वर्षांचा पायाभूत स्तर, अध्ययन निष्पत्ती म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी पहिलीच्या बाई म्हणाल्या, "हे सगळं करू हो मॅडम, पण सोडायचं काय ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग रोज पहिलीची एक तासिका मीच घ्यायला लागले. पंधरा दिवसांत दिसलं की फळ्यावरचं उतरवून घेण्यात आणि शनिवारच्या चाचणीत आठवडा सरतो. गप्पागोष्टींना, मणी-काड्यांना वेळ उरतच नाही. चाचणी बंद केली. सूचनावहीत सही माझी, म्हणून पालकांची बोलणी मी खाल्ली. "घरी लिहायला काहीच देत नाही, फी कसली घेता?" (फी घेतच नाही, पण असो.) चार पालकांना वर्गात मागे बसवलं. दोघांना पटलं.

नव्या रचनेत बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच स्तर आहे. प्रत्यक्षात आमची बालवाडी तळमजल्यावर, तिला अनुदान नाही, ताईंचं मानधन संस्था देते, त्यामुळे सभेला त्यांना कुणी बोलवायचंच नाही. मी बोलावलं. कोणाला अजून खडू नीट धरता येत नाही, कोण घरी भोजपुरी बोलतं, हे त्यांना तोंडपाठ. वर्षातली सगळ्यात कामाची सभा ती.

वेळापत्रकाचं विचाराल तर, 16 एप्रिलच्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी आली, म्हणून मी तासिका बसवल्या. जूनमध्ये शाळा उघडली आणि 29 जूनला सरकारनं निर्णय मागे घेतल्याचं जाहीर केलं. भिंतीवरच्या तक्त्यावर नुसती खाडाखोड. तेव्हापासून दिवाळीपर्यंत पेन्सिल.

यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतली माहिती भरणं मात्र कुणालाच चुकत नाही. ते मी दुपारचं अधिवेशन सुरू झाल्यावर उरकते.

परवा त्याच बाई दुसरीसाठी यादी घेऊन आल्या, सोडायच्या गोष्टींची. पाच होत्या. तीन मान्य केल्या, दोनांवर अजून वाद चालू आहे.