उगवत्या सूर्याला ताज, मग आग्र्याचा किल्ला: गाईडसोबत एका दिवसाची सहल कशी आखावी

ताजमहाल मी पहिल्यांदा पाहिला तो मे महिन्यात, सकाळी अकराला. संगमरवर इतका तळपत होता की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. गर्दीत आईचा हात सुटू नये एवढंच लक्षात राहिलं. दुसऱ्यांदा गेलो ते फेब्रुवारीत, अंधारात रांग लावून. तीच इमारत, पण पाहिल्यासारखी वाटली ती तेव्हाच. म्हणून आग्र्याला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो, की एकच दिवस हाताशी असेल तर तो पहाटेपासून मोजा आणि दिवसाचं सगळं गणित पहिल्या दोन तासांभोवती मांडा.

आधी वार आणि महिना ठरवा

शुक्रवारी ताज पर्यटकांसाठी बंद असतो. हे ठाऊक असूनही लोक चुकतात, कारण विमानाचं स्वस्त तिकीट नेमकं गुरुवारी रात्रीचं मिळतं. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा.

महिन्याचा विचार मात्र नीट करा. ताजचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे. महाद्वारातून आत शिरल्यावर तुमचं तोंड उत्तरेला असतं आणि सूर्य उजव्या हाताला उगवतो. हिवाळ्यात तो पूर्वेपेक्षा थोडा दक्षिणेला सरकून उगवतो, त्यामुळे कोवळं ऊन तिरपं येऊन थेट दर्शनी भिंतीवर पडतं. जूनमध्ये तो उत्तरेकडे सरकलेला असतो, मग घुमटाची उजवी बाजू उजळते आणि समोरची भिंत बराच वेळ सावलीत राहते. आता तुम्ही म्हणाल, मग डिसेंबर-जानेवारीच उत्तम. पण तेव्हा यमुनेकाठी धुकं इतकं दाट पडतं, की कधी कधी महाद्वारातून ताज दिसतच नाही. म्हणून माझं मत ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबरची सुरुवात, किंवा फेब्रुवारीचा मध्य ते मार्च. या दिवसांत सूर्योदय साधारण सहा ते सातच्या दरम्यान होतो. जूनमध्ये तो साडेपाचच्या आतच होतो.

मुक्काम आग्र्यात करा, दिल्लीत नको

दिल्लीहून सूर्योदयाच्या सहली खूप निघतात. पहाटे अडीच-तीनला गाडी हॉटेलवर येते, ग्रेटर नोएडाहून 165 किलोमीटरचा यमुना एक्सप्रेसवे धरते आणि साडेतीन-चार तासांत आग्र्यात पोचवते. 2012 साली हा रस्ता खुला झाल्यापासून अशी सहल जमू लागली. जमते, पण चालक रात्रभर जागा असतो आणि धुक्याच्या दिवसांत या रस्त्यावर एकामागून एक गाड्या आदळण्याचे अपघात होतात. हिवाळ्यात तिथली वेगमर्यादाही कमी केली जाते. घरातली वडीलधारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर हा प्रवास करूच नका.

आदल्या संध्याकाळी आग्र्यात पोचणं केव्हाही चांगलं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना दिल्लीला जायचीही गरज नाही. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस, वास्कोहून गोवा एक्सप्रेस या तिन्ही गाड्या आग्रा कँटला थांबतात. दिल्लीहून सकाळी सुटणारी शताब्दी किंवा गतिमान आरामाची आहे, पण सूर्योदय तिच्यात गाठता येत नाही.

हॉटेल शक्यतो ताजच्या पूर्व दरवाजाच्या बाजूला, ताजगंज-फतेहाबाद रस्त्याच्या भागात घ्या. पहाटेची वीस मिनिटंही मोलाची असतात.

तिकीट आधीच काढून ठेवा

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट मिळतं. भारतीयांना प्रवेश 50 रुपये, आणि मुख्य कबरीच्या दालनात जायचं असेल तर वर 200 रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड नसलेल्या नातेवाइकांना 1100 अधिक 200 द्यावे लागतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे खिडकीपाशी वाद होत नाही. 200 रुपये वाचवायचा मोह होतो, पण एवढ्या लांब येऊन संगमरवरी जाळी न पाहता परतू नका. तिकिटावरचा मुक्काम तीन तासांचा आहे, पहाटे शिरलात तर तो पुरतो.

ओळखपत्र जवळ असू द्या. बॅग लहान, शक्यतो नकोच. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, लायटर, चाकू, ट्रायपॉड, ड्रोन आत नेता येत नाही. रांगेत तासभर उभं राहून मसाल्याच्या डबीसाठी परत लॉकरपर्यंत गेलेल्या मावशी मी पाहिल्या आहेत. पाण्याची बाटली चालते.

गाईड निवडताना

ओळखपत्र पाहिल्याशिवाय गाईड घेऊ नका. केंद्राच्या किंवा राज्याच्या पर्यटन विभागाचा परवाना असलेला गाईड ते स्वतःहून दाखवतो. दरवाजापाशी «मैं लाइन के बिना ले जाऊँगा» म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणा, सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच चुकत नाही. आदल्या दिवशी हॉटेलमार्फत किंवा सहल कंपनीमार्फत ठरवा आणि तीन गोष्टी फोनवरच बोलून घ्या: पैसे किती आणि किती तासांचे, ताजसोबत किल्लाही धरला आहे ना, आणि वाटेत एकाही दुकानात थांबायचं नाही.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. आमच्या पहिल्या सहलीत किल्ल्याचा एक तास अशाच एका संगमरवराच्या दुकानात गेला. «ताज बांधणाऱ्या कारागिरांचे वंशज» म्हणून चहा पाजला, आणि बाहेर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. तिथल्या खरेदीवर वाहनचालक आणि गाईड यांना दलाली मिळते. तुम्हाला खरंच पच्चीकारीची, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड जडवलेली, ताटली हवी असेल तर सहल संपल्यावर आपलं आपण जा. संगमरवरावर नखाने ओरखडा उठत नाही, शंखजिऱ्याच्या मऊ दगडावर उठतो, आणि मागे मोबाइलचा टॉर्च धरला तर चांगल्या संगमरवरातून उजेड झिरपतो.

पहाटेचे दोन तास

दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. तुम्ही त्याच्या पाऊण तास आधी रांगेत असायला हवं. पूर्वेकडून येणाऱ्यांची गाडी शिल्पग्रामपाशी थांबते, कारण ताजच्या आसपास इंधनाची वाहनं सोडत नाहीत. तिथून बॅटरीवरची गाडी मिळते, नाहीतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. दक्षिण दरवाजातून आत सोडत नाहीत, तिकडे जाऊन वेळ घालवू नका. बायकांची आणि पुरुषांची तपासणीची रांग वेगळी असते, तेव्हा आत कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

आत शिरल्यावर गाईडला विनंती करा की पहिली वीस मिनिटं काही सांगू नका. चांगला गाईड आनंदाने ऐकतो. लाल दगडाच्या महाद्वाराखाली उभे राहा. कमानीत ताज आधी राखाडी दिसतो, मग निळसर, मग घुमटाच्या उजव्या कडेवर पिवळट-गुलाबी रेघ उमटते आणि हळूहळू खाली उतरते. पक्ष्यांचा आवाज, माळ्यांच्या झाडूचा आवाज, एवढंच. फोटो काढा, पण एकदा तरी फोन खिशात ठेवून पाहा.

त्यानंतर बहुतेक लोक तळ्याच्या मधल्या संगमरवरी बाकाशी फोटोसाठी थबकतात. तुम्ही थांबू नका. सरळ चालत चौथऱ्यावर जा आणि कबरीचं दालन आधी पाहून घ्या, कारण तासाभरात तिथली रांग चौथऱ्याला वेढा घालते. आत फोटो काढायला बंदी आहे. जाळीच्या मधोमध मुमताजची कबर, बाजूला शहाजहानची. सगळ्या वास्तूत डावं-उजवं एकमेकांचं प्रतिबिंब आहे, फक्त ही दुसरी कबर त्या मापात बसत नाही, ती नंतर आली. आपण पाहतो त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या खाली तळघरात आहेत.

आता गाईडला बोलू द्या. मुमताज महल 1631 साली चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपूरला गेली. म्हणजे आपल्या खानदेशाच्या वेशीवर, तापीकाठी. तिचं पहिलं दफनही तिथेच, पलीकडच्या तीरावर झालं, आणि काही महिन्यांनी तिला आग्र्याला आणलं. बांधकाम 1632 ला सुरू झालं, सगळा परिसर पुरा व्हायला 1653 उजाडलं. संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. दर्शनी कमानीभोवतीची कुराणातली अक्षरं वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून पाहताना सारखीच दिसतात. चारही मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत. गाईडला हे दाखवायला सांगा, कोपऱ्यात उभं राहिल्यावरच ते कळतं.

कारागिरांचे हात तोडले आणि नदीपलीकडे काळा ताज व्हायचा होता, या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक गाईड सांगतो. दोन्हींना पुरावा नाही. पलीकडे मेहताब बागेत उत्खनन झालं तेव्हा काळ्या ताजचा पाया नव्हे, तर बाग आणि मोठं तळं सापडलं.

निघण्यापूर्वी मागच्या बाजूला, यमुनेच्या कठड्याशी जा. साडेआठच्या सुमारास बाहेर पडा. बेडई आणि बटाट्याची तिखट भाजी, वर गरम जिलेबी हा आग्र्याचा सकाळचा नाश्ता, तो हॉटेलच्या बुफेसाठी सोडू नका.

किल्ल्याला घाईत उरकू नका

सहल कंपन्या किल्ल्याला पाऊण तास देतात. मराठी माणसाने किमान दोन तास द्यावेत, आणि हे गाईडला आदल्या रात्रीच सांगावं. ताजपासून किल्ला जेमतेम अडीच किलोमीटरवर आहे. तिकीट वेगळं, आत जायला अमरसिंह दरवाजा. त्याच्या बाहेरच घोड्यावर बसलेल्या शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, आधी तिथे थांबा.

हा किल्ला अकबराने 1565 साली बांधायला घेतला. जहांगिरी महाल, शीश महालाचा परिसर वगैरे गाईड दाखवतोच. तुम्ही त्याला मुसम्मन बुर्जापाशी न्यायला सांगा. औरंगजेबाने कैदेत टाकलेला शहाजहान 1658 पासून या किल्ल्यात होता आणि जानेवारी 1666 मध्ये इथेच वारला. बुर्जातून यमुनेच्या वळणावर ताज दिसतो. सकाळी जवळून पाहिलेला तोच ताज, आता मुठीएवढा.

बुर्जाला लागूनच दिवाण-ए-खास आहे. शहाजहान जिवंत होता तोवर औरंगजेबाचा दरबार दिल्लीत असे. बाप गेल्यावर तो आग्र्याला आला, आणि 12 मे 1666 ला, त्याच्या वाढदिवसाच्या दरबारात, महाराज नऊ वर्षांच्या संभाजीराजांसह इथे उभे राहिले. त्या काळच्या राजस्थानी पत्रांत ही भेट दिवाण-ए-खासमध्ये झाल्याचं आहे. पंचहजारी सरदारांच्या मागच्या रांगेत उभं केल्याचा अपमान त्यांनी गिळला नाही, भर दरबारातून ते बाहेर पडले. 17 ऑगस्टला ते नजरकैदेतून निसटले. शाळेत हे आपण सगळे शिकलो, पण त्या फरशीवर उभं राहिल्यावर लक्षात येतं, की चारी बाजूंनी एवढ्या उंच तटबंदीच्या आत, शेकडो कोस परक्या मुलखात, पोराचा हात धरून तो आवाज चढवला होता. माझ्या वडिलांनी तिथे चप्पल काढून ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. 2023 च्या शिवजयंतीला इथल्याच दिवाण-ए-आममध्ये सोहळा झाला.

आणखी एक गोष्ट गाईड आपणहून क्वचितच सांगतात. 1785 ते 1803 हा किल्ला शिंद्यांच्या ताब्यात होता. आधी महादजींच्या, पुढे दौलतरावांच्या. त्यांच्या चाकरीतला डच अधिकारी जॉन हेसिंग इथला किल्लेदार होता. तो 1803 मध्ये वारला, आणि त्याच्या बायकोने आग्र्याच्या रोमन कॅथलिक कबरस्तानात त्याची कबर बांधली, ती ताजच्या घडणीची, पण लाल दगडात. वेळ असेल तर वाकडी वाट करून जाच. मराठी सत्ता इथवर पोचली होती याची ती साक्ष तिथे शांतपणे उभी आहे, आणि तिच्यापाशी गर्दी नसते.

दुपार

फत्तेपूर सिक्री चाळीसेक किलोमीटरवर आहे. त्याच दिवशी ती कोंबली तर सगळ्यांचे पाय बोलतात आणि काहीच लक्षात राहत नाही. त्याऐवजी यमुनेपलीकडे इतिमाद-उद-दौलाची कबर पाहा. नूरजहानने वडिलांसाठी 1622 ते 1628 मध्ये ती बांधवली. ताजच्या आधीची रंगीत दगडांची पच्चीकारी इथे हाताच्या अंतरावर दिसते. वर्षाखेरीस दिल्लीला परतणार असाल तर तीनच्या आत निघा, धुकं रात्री पुन्हा उतरतं. मुक्काम असेल तर संध्याकाळी मेहताब बागेतून ताजची मागची बाजू पाहता येते.

पेठा घ्यायचा तो शेवटी, निघताना. कोहळ्याचा कोरडा पेठा मुंबई-पुण्यापर्यंत बिनघोर टिकतो. पाकातला अंगूरी चवीला सरस, पण गाडीत डबा सांडतो, तो तिथेच खाऊन निघा.